नव्या क्लचची करकर

गाडीची किल्ली हातात देताना गॅरेजच्या उस्तादांनी एवढंच सांगितलं, "मैडम, नई प्लेट है, गिअर थोड़ा टाइट लगेगा. चलाओ, अपने आप सेट हो जाएगा." सांगण्यात आपुलकी होती. दिवसभर गाडीखाली उताणं पडून काम केलेला माणूस, कोपरापर्यंत काळं ऑइल, आणि तरी किल्ली देण्याआधी त्यांनी ती फडक्यानं नीट पुसून दिली होती. पण त्यांचं ते वाक्य माझ्याबरोबर गाडीत बसून आलं आणि घरी पोचल्यावरही गेलं नाही. इंदूरच्या भंवरकुआच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला, क्लच पूर्ण दाबून मी दांडा पहिल्यात ढकलला आणि तो अर्ध्यावर अडला. जोर लावला तरी जाईना. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नचा तगादा लावला. दांडा ओढून दुसऱ्यात टाकला, मग परत पहिल्यात, तेव्हा कुठे तो बसला. आमच्या गल्लीत गाडी वळवायला रिव्हर्स टाकला तर असा कर्रर्र आवाज झाला, की समोरच्या गच्चीवर पापड राखत बसलेल्या आजी उठून कठड्याशी आल्या. सकाळपर्यंत या गाडीला हा आवाज नव्हता. क्लच घसरत होता, चढावर गाडीचा दम तुटत होता, पण गिअर सरळ पडत होते. हे दुखणं नव्या क्लचबरोबर आलं होतं.

क्लच बदलायला झाला होता यात वादच नव्हता. ओंकारेश्वरहून परत येताना चोरल मागे टाकून भेरू घाटाला लागलो तेव्हा गाडीनं ते सांगूनच टाकलं. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा आणि गाडी मात्र आपल्या त्याच चालीनं. काचा बंद असूनही लायनिंगचा, म्हणजे क्लच प्लेटवरच्या पकड देणाऱ्या थराचा, जळका वास आत शिरला. मागे बसलेल्या आईनं पदर नाकाला लावला आणि दुसऱ्या हातानं नर्मदेच्या पाण्याची बाटली मांडीवर घट्ट धरून ठेवली. ट्रकांच्या मागोमाग, घाटभर जीव मुठीत धरून आम्ही सिमरोल गाठलं. पुढे गॅरेजमध्ये उस्तादांनी जुनी प्लेट काढून माझ्या हातात दिली तेव्हा तिची दया आली. लायनिंग इतकं झिजलेलं, की रिबिटांची डोकी त्याच्या बरोबरीला येऊन चकाकत होती. मधल्या स्प्रिंगा ढिल्या, प्लेट हलवली की खडखडत. प्लेटला इंजिनाच्या चाकावर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या चकतीवर निळसर, जांभळट डाग, जिथं जिथं ती तापून पोळली होती तिथं तिथं. शेजारच्या ठेल्यावरून पोह्यांचा आणि जिरावणाचा वास येत होता आणि माझ्या हातात ती जड, पोळलेली चकती. महूपर्यंत रोजचं जाणं-येणं, राऊचा तो खोळंबा, शाळेत वेळेवर पोचायची घाई, सगळं तिनं सोसलं होतं. नवीन प्लेट, नवीन प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारं नवीन रिलीज बेअरिंग, असा पूर्ण सेट टाकायला मी लगेच हो म्हटलं. बिल चांगलंच झालं. पण एकदा काम झालं की गाडी पुन्हा नव्यासारखी होईल, या आशेपुढे ते बिल टोचलं नाही.

आणि आली ती ही अशी. पेडल हलकं, पाय सुखावलेला. हात मात्र प्रत्येक गिअरला अडखळणारा.

पहिल्या आठवड्यात ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांनी उस्तादांचीच री ओढली. स्टाफरूममध्ये एक सर म्हणाले, नव्या मशीनला वेळ द्यावाच लागतो. दीर म्हणाले, थोडे किलोमीटर होऊ देत. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्या मुलानंही आपणहून तेच सांगितलं. आणि निम्म्या जणांनी, त्यात बायकाही होत्या, मला विचारलं, "तुम्ही क्लच पूर्ण दाबता ना?" या प्रश्नाचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या बाईला हे जितक्या सहज विचारलं जातं तितक्या सहज पुरुषाला कोणी विचारत नाही. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्या प्रश्नानं गाडीतला दोष उचलून चालवणारीच्या पायात नेऊन ठेवला जातो, आणि मग बॉनेट उघडून बघायची कोणाला गरजच वाटत नाही.

त्याहून जास्त काळजी वाटली ती माझ्याच हाताची. हात फार लवकर शिकतो. आठवडाभरातच तो सिग्नलला न सांगता आधी दुसऱ्यात आणि मग पहिल्यात जायला लागला. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मधे क्षणभर थांबायला लागला. रिव्हर्सच्या आधी मी नकळत श्वास धरून ठेवायला लागले. गाडी होती तशीच होती, पण तिचं दुखणं मला कमी जाणवायला लागलं होतं. "सेट हो जाएगा" यातलं सेट काय होतं ते तेव्हा दिसायला लागलं. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर मलाही सगळं ठीक वाटलं असतं, आणि आत गिअरबॉक्समध्ये पितळ झिजत राहिलं असतं.

हाताच्या या शिकण्याचा विषय निघाला की मला काका आठवतात. माझे मोठे काका रोडवेजमध्ये ड्रायव्हर होते, इंदूर-खंडवा मार्गावर बरीच वर्षं. मध्य प्रदेशातली सरकारी बससेवा बंद पडून आता इतका काळ लोटला, की शाळेतल्या मुलांना रोडवेज म्हणजे काय हेही सांगावं लागतं. लहानपणी सुटीत मी त्यांच्या गाडीतून बडवाहला जायची. इंजिनाच्या तापलेल्या झाकणावर घडी केलेली सतरंजी टाकून मला बसवलेलं असायचं, पायांना धग लागायची, डिझेलच्या वासानं मळमळायचं, पण तिथून काकांचे पाय दिसायचे म्हणून ती जागा मी सोडत नसे. भेरू घाटात गिअर खाली आणताना ते क्लच दोनदा दाबायचे. एकदा दाबून दांडा न्यूट्रलला, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला एक ठोसा, इंजिनाचा आवाज चढला की पुन्हा क्लच, आणि त्या चढत्या आवाजाच्या नेमक्या जागी खालचा गिअर. जागा चुकली की अख्ख्या बसला कळायचं. त्यांची ती जागा चुकलेली मी क्वचितच ऐकली. त्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नव्हते. फिरणारे दोन भाग एका वेगावर आणायचं काम ड्रायव्हरनं कानानं आणि पायानं करायचं. काका म्हणायचे, "गाडीला जबरदस्ती करायची नाही, ती हो म्हणेपर्यंत थांबायचं."

आपल्या गाड्यांत हे काम एक छोटी पितळी रिंग करते. 1928 मध्ये कॅडिलॅकनं पहिल्यांदा सिंक्रोमेश असलेली गाडी बाजारात आणली आणि हळूहळू जगभरच्या ड्रायव्हरांचा दुसरा क्लच वाचला. माझे धाकटे मामा पीथमपूरच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स जोडणीच्या लाइनवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रं उडू नयेत म्हणून ठेवलेली असते ती अशीच एक झिजून बाद झालेली सिंक्रो रिंग. बांगडीएवढी, बाहेरून टोकदार दातऱ्यांची, आतून किंचित निमुळती. आतल्या बाजूला बारीक आटे पाडलेले असतात. नख फिरवलं तर नव्या रिंगमध्ये ते खरखर लागतात, बाद झालेल्या रिंगमध्ये नख घसरतं. मामांनी मला दोन्ही रिंगा दाखवल्या होत्या. गिअर टाकताना ही रिंग गिअरच्या कोनावर दाबली जाते, घर्षणानं त्याला आपल्या वेगावर आणते आणि दोघांचा वेग जुळला की मगच दाते एकमेकांत जाऊ देते. वेग जुळेपर्यंत ती वाट अडवून धरते. दांडा अर्ध्यावर अडतो तो इथं. म्हणजे माझा दांडा सिग्नलला अडत होता तेव्हा रिंग आपलं काम इमानानं करत होती. आतलं काहीतरी थांबायला हवं होतं आणि थांबत नव्हतं.

रविवारी मामांना बोलावलं. लोकमान्यनगरहून ते स्कूटरवर आले, डिकीत पान्यांची पिशवी, कपाळावर चष्मा. चहा आधी की गाडी आधी, असं मी विचारलं तर म्हणाले, "गाडी आधी. चहा आपल्याला शांतपणे घ्यायचाय." आणि बॉनेटकडे न जाता त्यांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उपसून अंगणात टाकलं. हल्लीची ती जाड, फुगीर मॅट्स पेडलच्या खाली सरकतात, पेडल तळाला टेकायच्या आत मॅटला टेकतं आणि क्लच पूर्ण दाबल्याचा नुसता भास होतो. "निम्म्या गाड्या इथंच बऱ्या होतात," मामा म्हणाले. माझी झाली नाही. पण पैसा खर्च न होणारी गोष्ट आधी तपासायची, हा त्यांचा क्रम मला फार पटला.

मग त्यांनी इंजिन बंद ठेवून मला सगळे गिअर टाकायला सांगितले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. सगळे अलगद गेले. एकही अडला नाही. "बस," मामा म्हणाले, "तुझा गिअरबॉक्स आणि दांड्याच्या वायरी दोन्ही ठीक आहेत. इंजिन बंद असतानाही दांडा जड असता तर मी वरच्या वायरी, त्यांचा ब्रॅकेट, बुश, गिअरबॉक्सचं फाउंडेशन, हे बघितलं असतं. आता चालू कर." इंजिन चालू केलं आणि पहिला अडला. एका मिनिटात शोधाचं निम्मं रान साफ झालं. इंजिन फिरत नसताना सगळं सुरळीत आणि फिरत असताना अडथळा, याचा अर्थ क्लच दाबलेला असतानाही इंजिनाचं थोडं फिरणं आत पोचतंय. क्लच पुरता सुटत नाहीये.

खात्री करायला त्यांनी मला क्लच पूर्ण दाबून मनात सावकाश पाच म्हणायला सांगितलं आणि मग रिव्हर्स. बऱ्याच लहान गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे आतला शाफ्ट खरंच थांबलाय की नाही ते रिव्हर्स सगळ्यात खरं सांगतो. क्लच नीट सुटत असेल तर पाच म्हणेपर्यंत शाफ्ट आपोआप थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो. माझ्या गाडीत इतकं थांबूनही कर्रर्र झालंच. मग सपाट जागेवर, समोर कोणी नाही हे बघून, क्लच तळापर्यंत दाबून पहिला गिअर आणि थोडा ॲक्सिलरेटर. गाडी मुंगीच्या पावलानं का होईना, पुढे सरकली. पाय पेडलवर पूर्ण दाबलेला आणि गाडी सरकतेय, हे बघून मला आठवडाभराचे सगळे प्रश्न आठवले. क्लच पूर्ण दाबता ना? हो, दाबत होते. मला त्या क्षणी फार बरं वाटलं आणि फार चीडही आली.

दुसऱ्यात टाकून मग पहिल्यात, ही माझ्या हातानं शोधलेली युक्ती का चालत होती तेही मामांनी सांगितलं. गाडी उभी असताना दुसऱ्याची रिंग फिरत्या शाफ्टला दाबून थांबवते आणि मग थांबलेल्या शाफ्टवर पहिला पटकन बसतो. म्हणजे दर सिग्नलला मी दुसऱ्याच्या रिंगेचा ब्रेक करत होते. "दुसऱ्याची रिंग तशीही जास्त झिजते," मामा म्हणाले, "शहरात सगळ्यात जास्त तिलाच राबावं लागतं. तू तिला आणखी एक काम दिलंस."

मग बॉनेट उघडलं. माझ्या गाडीचा क्लच वायरचा आहे. पेडलपासून निघालेली वायर गिअरबॉक्सवरच्या फोर्कच्या, म्हणजे रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या काट्याच्या, दांडीला जाऊन मिळते आणि तिच्या टोकाला आट्यांची एक सळई, त्यावर एक नट. मामांनी पेडल बोटानं दाबून मला ढील दाखवली. वर आलेलं पेडल सैलसर खाली जात जात जिथं पहिल्यांदा जड लागतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ढील, पुस्तकातला फ्री प्ले. गाडीच्या पुस्तकात दोन सेंटिमीटरच्या आतलं माप दिलेलं होतं. माझं पेडल त्याच्या दुपटीहून जास्त सैल होतं. पायाला जे हलकेपण आवडलं होतं ते हेच. पेडलचा बराचसा प्रवास नुसती ढील खाण्यात जात होता आणि उरलेला प्रवास क्लच पुरता सोडवायला कमी पडत होता. आणि तो नट सळईच्या अगदी टोकाशी आलेला होता. मामांनी टॉर्च मारून तो बराच वेळ बघितला आणि हसले.

मला तिथं कळलं ते असं. प्लेट जसजशी झिजते तसतशी प्रेशर प्लेट इंजिनाच्या चाकाकडे, फ्लायव्हीलकडे, सरकते आणि तिच्या मधल्या पोलादी पाकळ्या उलट बाहेर, रिलीज बेअरिंगच्या बाजूला, येतात. त्यामुळे पेडलची ढील आपोआप कमी होत जाते. ती पुरती संपली तर बेअरिंग सतत दाबलेलं राहतं आणि क्लच घसरतो. म्हणून दर सर्व्हिसिंगला मेकॅनिक नट थोडा सैल करून ढील परत देतो. वर्षं गेली, प्लेट झिजली, नट सैल होत होत टोकाशी आला. ते त्या झिजलेल्या प्लेटसाठी बरोबरच होतं. पण त्या जागी नवी, जाड लायनिंगची प्लेट बसली आणि पाकळ्या पुन्हा आत, आपल्या मूळ जागी गेल्या. नट मात्र जिथं होता तिथंच राहिला. नव्या प्लेटला जुन्या, झिजलेल्या प्लेटचं माप लावलेलं होतं. यात आपोआप सेट होण्यासारखं काहीच नव्हतं. प्लेट पुन्हा तितकी झिजली असती तेव्हाच कदाचित ढील जागेवर आली असती, आणि तोवर रिंगांचं पीठ झालं असतं.

मामांनी तारेच्या ब्रशनं आटे साफ केले, थोडं रॉकेल सोडलं आणि नट फिरवायला लागले. थोडं फिरवायचं, पेडल बोटानं बघायचं, परत थोडं. मी पेडलपाशी मोजपट्टी धरून. आई ओट्यावरून विचारत होती, अजून किती वेळ, चहा गार होतोय. काम व्हायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. इंजिन चालू केलं, क्लच दाबला, दांडा पुढे. पहिला गेला. रिव्हर्स, पाच म्हणून. आवाज नाही. मी तो पुन्हा पुन्हा टाकून बघितला. मामा म्हणाले, "अगं पुरे, आता चहा."

चहा पिताना त्यांनी आणखी काय काय निघू शकलं असतं ते सांगितलं, आणि ते इथं लिहून ठेवावंसं वाटतं, कारण नवा क्लच टाकल्यावर गिअर अडणाऱ्या सगळ्याच गाड्या एका नटानं सुटत नाहीत. ज्या गाड्यांचा क्लच ऑइलवर चालतो त्यांच्यात काम करताना पाइपमध्ये हवा शिरते. पेडल भरभर दोन-तीनदा मारल्यावर गिअर सोपा जात असेल तर आधी हवा काढून घ्यावी, तरीही तेच राहिलं तर सिलिंडरचे वायसर बघावेत. कधी प्लेट उलटी बसलेली असते. कधी गिअरबॉक्स चढवताना तो हातातून सुटतो आणि सगळं वजन प्लेटच्या मधल्या भोकावर येऊन ती किंचित वाकते. डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकलेली प्लेट दाबल्यावरही एका बाजूनं घासत राहते. प्लेट ज्या खाचांवर सरकते त्या कोरड्या ठेवल्या तर ती अडकते आणि ग्रीस जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. इंजिन आणि गिअरबॉक्स एका रेषेत ठेवणाऱ्या छोट्या डॉवेल पिना खाली पडून हरवल्या आणि तशाच बोल्ट आवळले, तर सगळाच मेळ जातो. यातल्या जवळजवळ प्रत्येक कामासाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. म्हणून त्याआधी मॅट, बंद इंजिनावर गिअर, ढील, हवा, हा क्रम सोडायचा नाही. मामा हे सांगताना अजूनही कारखान्यातल्या लाइनवर उभे असल्यागत बोलत होते, बोटांनी हवेत बोल्ट आवळत.

गाडी बरी झाली, पण पुरती नाही. डिसेंबर लागला. सकाळी सातच्या आत राऊच्या रस्त्यावर धुकं असतं, स्टिअरिंग बर्फासारखं गार लागतं. त्या वेळी पहिल्यातून दुसऱ्यात जाताना दांड्याला एक जाड, चिकट अडथळा जाणवायचा. करकर नव्हती, नुसता जडपणा. महू येईपर्यंत गिअरबॉक्स तापला की तो नाहीसा व्हायचा. दुपारी परतताना मागमूसही नसायचा. हे क्लचचं नव्हतं, कारण क्लच थंडी-उन्हावर असा बदलत नाही. मी गॅरेजचं बिल काढलं. क्लचचं काम करताना ॲक्सल ओढावे लागतात, त्यामुळे गिअर ऑइल काढून नवीन भरावं लागतं. बिलावर लिहिलं होतं, गिअर ऑइल 90 नंबर. गाडीचं पुस्तक मात्र 75 डब्ल्यू 80, म्हणजे बरंच पातळ ऑइल, म्हणत होतं आणि पुढे जीएल 4, हा गिअर ऑइलचा वर्ग.

आपल्याकडे जाड ऑइलवर लोकांचा फार विश्वास. जाड म्हणजे दमदार, जाड म्हणजे गिअरला जपणारं, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि काकांच्या बसला ते लागूही होतं. पण सिंक्रो रिंगला पकडण्यासाठी घर्षण लागतं. ते आतले बारीक आटे असतात कशासाठी, तर रिंग आणि कोनामधला ऑइलचा थर चिरून बाहेर काढण्यासाठी. गार सकाळी 90 नंबरचं ऑइल इतकं घट्ट होतं, की तो थर लवकर निघत नाही आणि रिंग कोनाला धरण्याऐवजी त्यावरून घसरते. जीएल 4 आणि जीएल 5 यांतला फरकही असाच. 5 हा आकडा मोठा म्हणून ते वरचढ, असं दुकानदारसुद्धा सांगतात. जीएल 5 हे मागच्या एक्सलच्या गिअरांसारख्या प्रचंड दाबाच्या जागेसाठी असतं, त्यातली काही रसायनं पितळाला मानवत नाहीत आणि पितळी रिंगांना जितकी पकड हवी तितकी ते मिळू देत नाही. ज्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच भरावं.

बिल घेऊन मी गॅरेजमध्ये गेले. भांडायला नव्हे. उस्तादांनी ऐकून घेतलं. नटाची गोष्ट सांगितली तेव्हा ते काही क्षण गप्प राहिले, मग आत काम करणाऱ्या पोराला हाक मारून म्हणाले, "सुन, ये मैडम क्या बता रही हैं." ऑइल त्यांनी स्वतः बदललं, पुस्तकातलं, दोन लिटरच्या वर थोडं, आणि मजुरी घेतली नाही. काढलेलं ऑइल पत्र्याच्या घमेल्यात सावकाश, दोरी सोडत पडत होतं. नवीन ओतलं ते पाण्याच्या धारेनं गेलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही दोन्ही आहे. लिफ्ट नसलेल्या गॅरेजमध्ये, जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर, छातीवर गिअरबॉक्स पेलून त्यांनी तो एका दिवसात उतरवला आणि चढवला. प्लेट बरोबर बसवली, खाचांना नेमकं ग्रीस लावलं, एकही पिन हरवली नाही. हे सगळं अवघड काम त्यांनी उत्तम केलं होतं. राहिली होती ती शेवटची दहा मिनिटं, आणि त्या दहा मिनिटांच्या जागी ते वाक्य आलं होतं. संध्याकाळ झालेली, बाहेर दुसरी गाडी ताटकळत, गिऱ्हाईक घाईत, म्हणजे मी घाईत. मला ते समजतं. पण गाडी घेऊन जाणाऱ्याला मग पुढचे महिने त्या वाक्यावर काढावे लागतात, आणि मामांसारखा मामा प्रत्येकाला नसतो.

नवी प्लेट बसायला वेळ लागतो हे खरंच आहे, तेवढं उस्तादांचं बरोबर होतं. पहिले काही शे किलोमीटर नवं लायनिंग आणि फ्लायव्हील एकमेकांच्या पृष्ठभागाला रुळत असतात. गाडी सुटताना थोडी थरथर, ट्रॅफिकमध्ये हलकासा वास, क्लच पकडण्याची जागा किंचित वर-खाली, हे त्या काळात होतं आणि जातं. माझ्याही गाडीचं गेलं. गिअरची करकर मात्र त्यातली नाही. ती पहिल्या दिवशी असेल तर त्याच दिवशी गाडी परत न्यावी आणि इंजिन बंद ठेवून, मग चालू करून, मेकॅनिकच्या समोर गिअर टाकून दाखवावेत.

सर्व्हिस बुकच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी ढिलीचं माप, ऑइलचा ग्रेड आणि तारीख लिहून ठेवलीय. रिव्हर्सला मी अजूनही थांबते, कारण त्याला सिंक्रो नाही, आणि मुलगी गाडी शिकतेय तिलाही तसंच थांबायला सांगितलंय. ही प्लेटही झिजायला लागलीच असणार, तेव्हा ढील हळूहळू कमी होईल आणि नट पुन्हा सैल करत जावा लागेल. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी त्याच गॅरेजमध्ये जाईल. माप लिहिलेलं पान मी पोराला आधीच दाखवून ठेवलंय.